फणसाच्या फळीवरचे दोन काटे

आमच्या जीपला डॅशबोर्ड असा नव्हताच. एक पत्रा, त्यावर कधीच बंद पडलेलं स्पीडचं मीटर आणि दोन लाल दिवे. एक ऑइलचा, एक इंजिन तापल्याचा. वीस वर्षं ह्यांनी ती जीप नुसत्या कानाने चालवली. सुपारीची पोती, नारळ, लग्नाची वऱ्हाडं, सगळं तिच्यातून गेलं. आवाज जरा बदलला की हे थांबायचे आणि बोनेट उघडायचे. मी बाजूला बसून डुलक्या काढायचे, त्यामुळे दिव्यांशी माझा संबंध कधी आला नाही.

मग ह्यांच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा दिवेआगरहून माणगावला डायलिसिसला जायची वेळ आली. चार तास मशीनवर पडून आलेल्या माणसाला एसटीत उभं राहता येत नाही. भाड्याची गाडी एक दिवस येते, दुसऱ्या दिवशी तिला पर्यटक मिळतात. म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी मी जीप चालवायला शिकले, बोर्लीच्या रस्त्यावर, शिव्या देत देत. शिकवत हे होते, शिव्या मी देत होते.

गाडी आली, पण त्यांचा कान काही मला आला नाही. मला त्या इंजिनाचा एकच आवाज ऐकू येतो, तो म्हणजे गोंगाट. एका भर उन्हाळ्याच्या दिवशी, म्हसळ्याच्या पुढच्या घाटात, तापल्याचा लाल दिवा लागला. हे अशक्तपणाने झोपले होते. कडेला जागा सापडून थांबेपर्यंत बोनेटमधून वाफ यायला लागली. इंजिनाचं गॅस्केट उडालं होतं. दिवा लागला तो सगळं होऊन गेल्यावर लागला.

त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं. पुढची वेळ दोन दिवसांनी मिळाली. त्या दोन दिवसांत ह्यांचे पाय भोपळ्यासारखे सुजले, आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून खुर्चीतच बसून राहायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "पुरे झालं. गाडी पण दमली, मी पण दमलो. आता नाही जायचं मला."

मला भीती वाटायला हवी होती. ती मागून वाटली. आधी राग आला, असा की हातातलं भांडं मी मोरीत आपटलं. शेजारच्यांच्या गाडीत त्यांना जवळजवळ ढकलून बसवलं आणि माणगावला नेलं. पण मला कळून चुकलं होतं. आणखी एकदा गाडी घाटात बसली, की हा माणूस पुन्हा तिच्यात पाय ठेवणार नाही. आणि डायलिसिस सोडल्यावर काय होतं ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. गाडी हे त्यांना सापडलेलं कारण होतं. ते मला त्यांच्या हातून काढून घ्यायचं होतं.

इंजिन दुरुस्त झाल्यावर मी बोर्लीच्या गॅरेजवाल्याला म्हटलं, ह्याला मीटर बसवून दे. किती तापलंय, ऑइलचं प्रेशर किती आहे, ते काट्यावर दिसलं पाहिजे.

"काकू, लाईट हाय ना. लागली का थांबायचं."

"लागली तेव्हाच थांबले. गॅस्केट कुठे वाचलं?"

"ते नशीब."

"नशीब तुझ्या गॅरेजात ठेव. मला दिवा लागायच्या आधी कळलं पाहिजे."

तो म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीला कोण मीटर बसवत न्हाय, वायरी सगळ्या कुजल्यात, काढून टाका गाडी. मी म्हटलं, मग मीच बसवते. तो हसला. त्याला काय माहीत, वादळात आमच्या पोफळी झोपल्या तेव्हा वाडीची मोडलेली सगळी पाइपलाइन मी जोडली होती. विहिरीवरचा पंप गेली कित्येक वर्षं मीच खोलते. हे त्यातल्या कशालाही हात लावायचे नाहीत.

हे मशीनवर असले की माझ्याकडे चार तास असतात. त्या वेळात माणगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून दोन मीटर, तापमानाचा सेन्सर, वायर आणि एक पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणली. ऑइलचा दिवा तसाच ठेवून मीटरही जोडायचं तर मधे टी हवी, हे मला कोणी सांगायला नको होतं. वाडीत पाणी दोन वाफ्यांना द्यायचं तर आम्ही तेच करतो.

जुन्या पत्र्यात जीव नव्हता, म्हणून फणसाच्या फळीला दोन भोकं पाडून त्यात मीटर बसवली. हे अंगणात खुर्ची टाकून बघत होते.

"फळी वाकडी लागलीय."

"तुम्ही सरळ बसा म्हणजे सरळ दिसेल."

सेन्सर इंजिनात घट्ट पिळण्याआधी त्याच्या आट्यांवर मी पांढऱ्या टेपचे चांगले सहा-सात वेढे दिले. पंपाचा कुठलाही सांधा मी टेपशिवाय लावत नाही. पाणी गळता कामा नये.

ऑइलचं मीटर नळीचं होतं, त्याला वायर लागत नाही, त्याचा काटा गाडी सुरू करताच उठला. तापमानाचा काटा मात्र तळाशी पडून राहिला. मला वाटलं, केवढं थंड इंजिन. म्हसळ्यापर्यंत मी ह्यांना तीनदा ऐकवलं, बघा कशी थंडगार चाललीय. घाट चढून वर आल्यावर हे म्हणाले, "अगं, एवढा घाट चढून काटा जागचा हलला नाही. माझी नाडीसुद्धा इतकी शांत नसते."

माणगावला पोचल्यावर मी रेडिएटरच्या पाइपला हात लावला आणि बोटं भाजून घेतली. येताना निमूटपणे गॅरेजवर थांबले. त्याने सेन्सर काढला, टेप बघितली आणि बाकड्यावर बसून पोटभर हसला.

"काकू, ही पंपाची पाइप न्हाय. एकच वायर येते ना ह्याला? दुसरी वायर म्हणजे इंजिनाचं लोखंड. तुम्ही मधी टेप घातलीत, काट्याला कळायचं कसं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे आत बसून हसत होते, कितीतरी दिवसांनी. गॅरेजवाल्याने आटे ब्रशने घासले, सेन्सर उघडाच पिळला, गाडी सुरू केली. काटा हळूहळू उठून ऐंशीवर आला. मग टीकडे बघून तो म्हणाला, "ही मात्र चांगली बसवलीत." मी ते ऐकून घेतलं आणि निघाले.

तेव्हापासून काटा वाचायचं काम मी ह्यांना दिलं. घाटात मी वळणं बघू की मीटर? आधी कुरकुरले, मग वाचायला लागले. सपाटीला ऐंशी, घाटात नव्वद. मला ते आकडे पाठ झाले.

महिनाभराने असेच चाललो होतो. घाटात पुढे खडीचा डंपर, आम्ही त्याच्या मागे पहिल्या गिअरमध्ये. हे म्हणाले, "पंच्याण्णव." मग म्हणाले, "शंभर. दिवा लागलेला नाही, पण थांब."

थांबले. रेडिएटरच्या खालच्या पाइपची क्लिप ढिली होऊन पाणी गळत होतं. क्लिप आवळली, पाण्याचा कॅन काढला. पण तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडता येत नाही, थांबावंच लागतं. इंजिन बंद होतं, पण काटा दिसावा म्हणून चावी फिरवून ठेवली होती, हे काटा बघत होते. इंजिन बंद केल्यावर तो आधी थोडा वरच जातो, हे मला माहीत होतं. तरी हे "एकशे तीन" म्हणाले आणि माझा सगळा धीर सुटला. साडेदहा वाजले होते. आमची वेळ अकराची. रस्त्याकडेच्या खडीवर बसून मी रडले, आणि रडता रडता बोलले तेही वाईटच.

"तुम्हाला नाहीच यायचं ना? मग चला घरी. म्हसळ्यापर्यंत उतारच आहे. मीही दमलेय आता. रोज मीच तुम्हाला ओढायचं का?"

ते काट्याकडेच बघत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "नव्वद." मी उठले नाही. "पंच्याऐंशी." नंतर "सत्तर" म्हणाले आणि स्वतः दार उघडून खाली उतरले. फडकं घेतलं, झाकण अर्धं फिरवून वाफ जाऊ दिली, मग काढलं. कॅन उचलायला गेले, पण तो त्यांच्याने उचलेना. तेव्हा मी उठले. पाणी मी ओतलं, झाकण त्यांनी लावलं.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"अकराला पाच कमी."

"मग त्यांना फोन कर. सांग, आम्ही येतोय, मशीन दुसऱ्याला देऊ नका. आणि चल लवकर, बसून काय राहिलीस?"

मी फोन केला. आनंदाच्या भरात मी इतकं भरभर बोलले की पलीकडच्या नर्सला दोनदा सांगावं लागलं. हे तोवर आत बसून फळीवर बोटं वाजवत होते. मी गाडी सुरू केली आणि त्यांच्यावर खेकसले, "दार नीट ओढून घ्या आधी."