मात्सुमोतोच्या थिएटरात आत्याचा स्पॅनिश सिनेमा

मात्सुमोतोला लोक किल्ला बघायला जातात. आम्ही गेलो नागड्यांचा सिनेमा बघायला, तोही माझ्या सत्तरीच्या आत्याच्या हट्टापायी.

मंदाआत्या पुण्याहून माझ्याकडे जपानला, ग्योतोकुला राहायला आली होती. मात्सुमोतोच्या एका छोट्या थिएटरात हुकूमशहा गेल्यानंतरच्या काळातले स्पॅनिश चावट सिनेमे लागणार, हे मी तिला गंमत म्हणून वाचून दाखवलं. एक नाव ऐकून ती म्हणाली, "त्यात मी आहे."

"कशात?"

"सिनेमात. घाबरू नकोस, साडी नेसून."

तरुणपणी ती स्कॉलरशिपवर माद्रिदला स्पॅनिश शिकत होती. तेव्हा सुट्टीत समुद्रावर गेली असताना त्या सिनेमाच्या किनाऱ्यावरच्या एका प्रसंगात गर्दीत बसली होती. सिनेमा तिने कधी पाहिला नाही, घरी त्याबद्दल सांगितलंही नाही. परतल्यावर आजोबांनी "कसले हे कपडे!" म्हणत तिचे तिथले सगळे फोटो बंबात घातले. "तेव्हा मी कशी दिसायचे, तेच आठवत नाही गं. एकदा बघायचंय," ती म्हणाली. मग काय, निघालो.

शिंजुकुहून हायवे बस घ्या. ट्रेनपेक्षा वेळ जास्त लागतो, पण भाडं बरंच कमी आणि डोंगर मन भरून दिसतात. मात्सुमोतोच्या गार सोबा नूडल्स झकास, पण बरोबरच्या रश्शात मासा असतोच, त्यामुळे शाकाहारी असाल तर कोनबिनीतून, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, भाताचा गोळा घेऊन बरोबर ठेवा. आत्याने रस्सा चौकशी न करता संपवला.

बसमध्ये तिने मला सगळा इतिहास सांगितला. हुकूमशाहीत पडद्यावर चुंबनसुद्धा कापायचे, म्हणून हौशी लोक सीमा ओलांडून फ्रान्सला सिनेमे बघायला जायचे. हुकूमशहा मेला, मग सेन्सॉर गेलं, आणि एकदम नागडेपणाचा पूर आला. त्याला तिथे 'देस्तापे' म्हणतात, म्हणजे झाकण काढणं. "स्वातंत्र्य आलं म्हणायचे सगळे," आत्या म्हणाली, "पण कपडे उतरायचे बायकांचेच. पुरुष आपले सुटाबुटात!"

थिएटरात म्हातारे जास्त, दोन-तीन विद्यार्थी. सिनेमा अगदीच टुकार. प्रिंट जुनी, जपानमध्ये दाखवण्यासाठी केलेली. इथल्या रिवाजाप्रमाणे कमरेखालचा भाग दिसला की त्यावर धुरकट ठिपका येतो. स्पेनने एवढं काढलेलं झाकण जपानने पुन्हा लावलेलं, याचं मला हसू येत होतं.

मग किनारा आला. पुढे नायिका उभी, अंगावर काही नाही. मागे वाळूत बसलेली माणसं, त्यांत एक साडीचा काठ. आणि नायिकेच्या कमरेखालचा ठिपका नेमका त्या साडीवालीच्या तोंडावर!

"अरे देवा," आत्या पुटपुटली आणि तिने माझा हात घट्ट धरला. मला त्या ठिपक्याचा भयंकर राग आला. एवढ्यात नायिका पाण्याकडे पळाली, ठिपकाही तिच्यामागे गेला. वाळूत एक सडपातळ मुलगी, लांब वेणी. डोळे मात्र गच्च मिटलेले. लगेच दृश्य बदललं.

दिवे लागेपर्यंत इथे कोणी उठत नाही. आम्हीही बसून राहिलो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तेव्हा लाज वाटत होती गं मला. शूटिंगचा सगळा वेळ डोळे मिटून बसले होते."

दुसऱ्या संध्याकाळी पुण्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल. "काय मंदे, किल्ला पाहिलास का?" मी मागून तिला 'हो म्हण' अशी खूण केली.

"नाही रे दादा. सिनेमा पाहिला, नागड्यांचा. माद्रिदला असताना मी काम केलं होतं त्यात."

मी रेंज गेल्याचं नाटक करायच्या तयारीत. फोटो बंबात गेले तेव्हा बाबाही तिथेच होते, हे मला माहीत होतं.

चष्मा काढून त्यांनी तोंड स्क्रीनच्या जवळ आणलं. "कशी दिसत होतीस गं?"

एवढ्या प्रवासात न रडलेली आत्या तेव्हा रडली.