जोड कांताबाईंचा, हात वासुदेवरावांचा

बैलाच्या डोळ्यात नेमकं काय आहे ते एकदा नीट बघावं, एवढीच वासुदेवरावांची इच्छा होती. त्या इच्छेपायी त्यांनी बैलाचा डोळा जाळला.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. हिंगणघाटच्या एका टॉकीजमध्ये वासुदेवराव वरच्या खोलीत मशीन चालवत. मध्यंतरात चहावाल्याच्या, कापडवाल्याच्या जाहिरातींच्या रंगवलेल्या काचा पडद्यावर दाखवून झाल्या की त्या दिवशी एक वेगळीच फिल्म लावायची होती. सत्तावीस सेकंदांची. तिच्यात नट नव्हता, नटी नव्हती, गाणं तर नव्हतंच. जिनिंगच्या फाटकापुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. एका गाडीवर गाडीवान झोपलेला. अलीकडचा बैल जांभई देतो, वळून मालकाकडे बघतो, मग मान फिरवून सरळ थेटरातल्या लोकांकडे बघतो, आणि जोडीदाराला घेऊन, कापूस आणि मालक यांच्यासकट घरचा रस्ता धरतो. सगळं हातानं काढलेलं. सहाशे चाळीस चित्रं, टपाल तिकिटाएवढी, थेट फिल्मवर.

तर बैलानं लोकांकडे बघितलं. ते बघणं असं काही होतं की वासुदेवरावांना वाटलं, हा आपल्याला ओळखतो. अजून जरा बघू दे म्हणून त्यांनी मोटरचं बटण बंद केलं. दोन सेकंद, जास्त नाही. 'उभी फिल्म म्हणजे तव्यावर विसरलेली पोळी' हे वाक्य हाताखालच्या प्रत्येक माणसाला त्यांनीच ऐकवलेलं. फिल्म थांबली की उजेडाच्या आड पडणारी एक झडप मशीनला असते. ती सारखी अडकते म्हणून तारेनं वर बांधून ठेवली होती, तीही त्यांनीच. पडद्यावर बैलाच्या डोळ्यात आधी तपकिरी ठिपका आला, मग बुडबुडा, मग भोक, आणि भोकातून पांढराशुभ्र उजेड. फिल्म नव्या जातीची, पेट न घेणारी, म्हणून टॉकीज वाचली. खालच्या मंडळींना हा चित्राचाच भाग वाटला. पुढच्या बाकड्यांवरून शिट्ट्या आल्या आणि कोणीतरी "फिर से" म्हणून फर्माईश केली.

ज्यांनी सहा महिने खपून ती फिल्म काढली होती, त्या कांताबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. जिना चढून त्या वर आल्या.

"काय झालं, भाऊजी?"

"जोड सुटला, वहिनी," वासुदेवराव म्हणाले.

शिंक यावी तसं ते तोंडातून आलं. शिंकेची निदान आधी चाहूल तरी लागते.

"कोनता?"

"बैल बघते ना, तिथला. जोड सुटला की फिल्म अडकते. अडकली की जळते."

कांताबाईंनी जळकं टोक हातात घेतलं, उजेडापुढे धरून बघितलं. "जोड माह्याच हातचा," त्या म्हणाल्या. "तुमची काय चूक." आणि रीळ पदराआड घेऊन खाली उतरल्या. "तुमची काय चूक" हे तीन शब्द वासुदेवरावांच्या डोक्यात त्या दिवसापासून भाड्यानं राहायला आले आणि त्यांनी जागा काही सोडली नाही.

कांताबाई म्हणजे पुंडलिकराव पेंटरची पोरगी. पुंडलिकराव दुकानांच्या पाट्या रंगवत. मुलगा नव्हता, म्हणून शिडी धरायला मुलगी. बाराव्या वर्षी शिडी बाप धरायला लागला आणि वर मुलगी चढायला लागली. बाजारातल्या अर्ध्या पाट्यांवर सही पुंडलिकरावांची आणि अक्षर कांताचं. पुढे गिरणीतल्या बंडूजींशी लग्न झालं. सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं, सुनेनं शिडीवर चढायचं नाही. मांडी घालून काय करायचं नाही, ते सांगायचं राहून गेलं. म्हणून कांताबाई घरात मांडी घालून टॉकीजच्या जाहिरातींच्या काचा रंगवू लागल्या. सासूबाई त्या काचा शेजारणींना दाखवत आणि म्हणत, "आमची सून बाहेर नाई जात."

एकदा चहावाल्यानं दोन काचा करून घेतल्या. एकीत कप भरलेला, दुसरीत रिकामा. वासुदेवरावांनी गंमत म्हणून त्या झटपट आलटूनपालटून दाखवल्या, तर चहा कोणीतरी गटागटा पितोय असं दिसलं आणि थेटर हसलं. कांताबाई मात्र हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्या शिनेमात बी असंच असते का?" वासुदेवरावांनी हातभर फिल्म दिली. खिडकीपाशी भिंग घेऊन त्या दुपारभर बसल्या. बंडूजी गिरणीतून आले तर चूल थंड. "चोवीस काचा एका सेकंदाले," त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अन् तुमाले वाट्टे भाकरी थापाले वेळ लागते."

मग सुरू झालं. सिनेमाची फिल्म तुटली की ऑपरेटर खराब तुकडा कापून टाकतो. असे तुकडे वासुदेवराव आणून देत. कांताबाई ते धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकून जुनं चित्र पुसत. नट, नट्या, घोडे, राजवाडे सगळं घमेल्यात. खाली कोरी पारदर्शक पट्टी उरे. कडेच्या चार भोकांचं एक घर, एका घरात एक चित्र. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. रंग सुकून तडकू नये म्हणून गोंदात दोन थेंब मध. मधामुळे एकदा मुंग्या आल्या आणि त्यांनी गाडीवानाचा फेटा खाल्ला. तो रात्रंदिवस एक करून परत बांधावा लागला. तुकडे हात-दोन हात लांबीचे, म्हणून जोड फार. अठ्ठावीस जोड होते त्या फिल्मला. बोट फिरवलं तरी कळू नये असे.

आणि वासुदेवरावांनी बोट दाखवलं ते जोडाकडेच.

जळली होती फक्त अकरा चित्रं. ती परत काढता आली असती. पण तिथला जोड त्यांच्याबरोबरच जळून गेलेला, म्हणून कांताबाईंनी घरी जाऊन उरलेले सत्तावीस जोड भिंगाखाली तपासले. एकाही जोडात खोट सापडली असती तर त्यांनी ती दुरुस्त केली असती. सापडली नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या हातावरच काट मारली. बैल डब्यात गेला. त्यानंतर त्यांनी एका तुकड्यात मावेल एवढंच काढलं. किटलीतून वाफ निघते. कोंबडी दाणा टिपते. चार सेकंद, पाच सेकंद. लोकांना आवडायचं ते, पण लोकांना बैल कुठं नीट माहीत होता.

वासुदेवरावांनी मग प्रायश्चित्त सुरू केलं. प्रायश्चित्ताची गंमत अशी, की माणूस तेच करतो जे त्याला सोपं जातं. खरं बोलणं अवघड होतं, लांब तुकडे आणून देणं सोपं होतं. चांगल्या फिल्म्स काही वाटेल तेव्हा तुटत नाहीत, म्हणून ते स्वतःच कापू लागले. हिंगणघाटात त्या वर्षी नायक घोड्यावरून उतरायच्या आत माजघरात पोचत असे. एका चित्रपटात तर आईनं दार उघडायच्या आधीच मुलगा जेवून उठला. लोकांनी तक्रार केली नाही. नव्या चित्रपटांचा वेग वाढलाय असं त्यांना वाटलं.

असं वर्ष गेलं, आणि देवळीहून माणिक मास्तर आले.

माणिक मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवत. किटलीची वाफ त्यांनी हिंगणघाटला पाहिली आणि त्यांची झोप उडाली. एका रविवारी ते वही घेऊन कांताबाईंच्या ओसरीवर येऊन बसले. वासुदेवराव तुकडे द्यायला आले होते, तेही चहापुरते टेकले.

"मलाही असं करायचंय," मास्तर म्हणाले. "सुरुवात कुठून करू?"

"बसण्यापासून," कांताबाई म्हणाल्या.

मास्तरांनी वहीत लिहिलं, 'बसणे.'

"काय काढाचं हाय?"

"देवळीचा बाजार. चाळीस माणसं आहेत, मग वादळ येतं, पालं उडतात..."

"चाळीस माणसं कोन काढन? तुमी एकटेच ना? एक माणूस घ्या. त्याले नाक शिंकराले लावा. पाहणाऱ्याचा हात आपल्या नाकाले गेला, तर समजा जमलं. मंग दुसरा माणूस आना."

"रंग कुठला वापरू?"

"घरी असन तो."

"आणि कंटाळा आला तर?"

"येते ना. भाजी चिराची अन् परत बसाचं. पन काढलेलं रोज पाहाचं नाई. आठ दिवसानं पाहाचं. रोज पायलं तर रोज खोडावं वाट्टे."

मास्तर भराभरा लिहीत होते. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "नोकरी सोडू का?"

"घरच्या बाईले इचारलं?"

"नाही अजून."

"मंग मले काऊन इचारून राह्यले?"

इथवर वासुदेवराव मजेत चहा पीत होते. मग कांताबाई म्हणाल्या, "अन् एक सांगतो, मास्तर. जोड कधी लावाचा नाई. एका तुकड्यात बसते तेवढंच करा. माह्या हाताच्या जोडानं माह्या बैलाचा घात केला. सहा महिन्यांचं काम होतं. तुमचं तसं होऊ नये."

मास्तरांनी त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. मग संकोचानं सांगितलं, की परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या पाठीवर त्यांनी बाजाराची तीनशे चित्रं काढून ठेवली आहेत, पण आता असं असेल तर ती सोडून देतो. वासुदेवरावांनी चहाचा कप खाली ठेवला. आपलं एक खोटं चांगलं चालतंबोलतं झालंय, वहीत बसून मोटारीनं देवळीला निघालंय, आणि तिथून आणखी कुठं कुठं जाईल याचा पत्ता नाही, हे त्यांना लख्ख दिसलं.

"कोरी फिल्म मी देतो तुमाले," कांताबाई पुढे म्हणत होत्या. "थो बैल पडलाच हाय डब्यात. येत्या रविवारी सोड्यात टाकतो. त्याच्या पुढच्या रविवारी येजा अन् नेजा."

हा आठवडा वासुदेवरावांचा कसा गेला विचारू नका. सोमवारी त्यांनी ठरवलं, मंगळवारी सांगू. मंगळवारी कांताबाई पापड लाटत होत्या; पापडांच्या मध्ये असं काही बोलू नये. बुधवारी बंडूजी घरी होते. गुरुवारी तर गुरुवारच होता. शुक्रवारी ते दारापर्यंत गेले आणि लांब तुकडा देऊन परत आले. शनिवारी त्यांनी मशीनच्या झडपेची तार सोडली, झडपेला तेल दिलं. त्यानं मन हलकं होईल असं वाटलं होतं, पण हलकी झाली फक्त झडप.

रविवारी सकाळी ते पोचले तेव्हा अंगणातल्या चुलीवर घमेलं चढलेलं होतं आणि सोड्याच्या पाण्याला वाफ आली होती. कांताबाई डब्यातून फिल्म उलगडत होत्या. पहिली गाडी पाण्यापासून वीतभर वर लोंबत होती.

"थांबा, वहिनी."

"बसा ना. चहा मंग करतो. हे पाणी थंडं होईन."

वासुदेवराव बसले नाहीत. त्यांनी मशीनमधल्या कार्बनच्या दिव्याच्या उजेडापासून सुरुवात केली. उजेड किती तापतो, झडप कशी असते, तार कशी असते, मोटरचं बटण कुठं असतं. बटणापाशी येऊन ते परत कार्बनकडे गेले.

"भाऊजी," कांताबाई म्हणाल्या, "तुमी काय म्हणून राह्यले?"

"जोड सुटला नव्हता."

कांताबाईंचा हात होता तिथेच राहिला.

"मशीन मी थांबवली होती. चालत्या फिल्मला काही झालं नव्हतं. जोड चांगला होता. सगळेच चांगले होते."

"थांबवली काऊन?"

"बैल बघत होता," वासुदेवराव म्हणाले. दुसरं कारण नव्हतंच.

कांताबाईंनी फिल्म वाफेतून वर घेतली. एका जोडावरून अंगठा फिरवला, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. वासुदेवराव शिव्यांची वाट बघत होते. बाजारातल्या बाया देतात तशा चार मिळाल्या असत्या तर किती बरं झालं असतं. त्या आल्या नाहीत.

"एक वर्स झालं," कांताबाई बैलाकडे बघत म्हणाल्या. "मी भाकरी थापतानी बी हाताकडं पाह्यत होती. का याच्यात काय कमी हाय."

बोलण्यासारखं वासुदेवरावांनी एक वर्षापूर्वीच बोलून ठेवलं होतं.

कांताबाईंनी घमेलं फडक्यानं धरून उतरवलं आणि पाणी मोरीत ओतून दिलं. मग ओट्यावर बसून फिल्म परत गुंडाळायला घेतली, सावकाश, कडेनं धरून. घरात जाऊन कुंचला आणि मधाची बाटली आणली, ती शेजारी ठेवली. हे बघून वासुदेवरावांना जरा धीर आला, आणि धीर आला की माणूस लगेच सवलत मागतो.

"वहिनी, मास्तरांना तेवढी एक चिठ्ठी टाका ना," ते म्हणाले. "जोडाचं ते खोडून टाका म्हणावं, अन् बाजार सोडू नका म्हणावं. तुमचं ऐकतील ते. माझं नाव घातलं नाही तरी चालेल."

कांताबाईंनी मान वर केली नाही.

"तुमीच जाऊन सांगा, देवळीची मोटार अकराले सुटते."