मिरचीचा ठसका आणि बांधलेला खटका

"मामा, ती ट्यूब काढ."

"ऱ्हाऊ दे रे."

सकाळपासून आमचं हेच चालू होतं. नंदुरबारबाहेरच्या एका पथारीवर आम्ही उभे होतो. पथारी म्हणजे लाल मिरची वाळवायचं मोकळं मैदान. कडेच्या कडुनिंबाची जाड फांदी मोडून मिरचीवर आडवी पडली होती. ती तोडायला ठेकेदाराने मला आणि हिरामण मामाला पाठवलं होतं.

मामा चेनसॉ चालवतो. आमच्याकडे चेनसॉला सगळे कटरच म्हणतात. मी कॉलेजात शिकतो आणि सुट्टीत त्याच ठेकेदाराकडे जातो. माझं चेनसॉचं ट्रेनिंग झालंय, म्हणून सेफ्टी माझ्याकडे. म्हणजे ओरडायचं काम माझ्याकडे. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझं ऐकायची सवय अजून कुणाला लागलेली नाही. निघताना आई एवढंच म्हणाली होती, "मामाले संभाळजो. त्याना हातवर घर शे."

त्याच हातांची मला काळजी होती. कटरच्या मागच्या मुठीत रेसचा खटका असतो. तो दाबला की चेन फिरते, सोडला की थांबते. मामाने त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली होती. म्हणजे मूठ सोडली तरी चेन फिरतच राहणार.

"कसाले बांधी?" मी विचारलं.

"बोटं सुन्न पडी जातस. खटका दाबाले जोर कुठून आणू?"

"चेन बोथट शे, म्हणून मशीन थरथरस. बघ, लाकडाचं पीठ पडतंय. धार असली तर ढलप्या पडतात. कानस मारून धार लाव, मधे मधे हात मोकळे कर."

"कानस मारामा दुपार हुई जाई."

तेवढ्यात पथारीचे शेठ आले. "ओ मास्तर, भाषण सांजले कर! मन्ही मिरची दबी गई शे."

मामा खो खो हसला. मी गॉगल पुढे केला, तो त्याने खिशात घातला. पुढच्या मुठीसमोरचं गार्डही त्याने काढून ठेवलं होतं. हे गार्ड म्हणजे चेनचा ब्रेक. कटर उसळलं की ते मनगटावर आपटतं आणि चेन जागीच थांबते. त्यावरून मात्र मी हटलो नाही. कटरसमोर बसूनच राहिलो. शेवटी वैतागून त्याने गार्ड बसवलं. ट्यूब राहिली.

कटर सुरू झालं. मामा कमरेत वाकून, फांदीवर सगळा भार देऊन कापत होता. "गुडघ्यात वाक," मी ओरडलो. आवाजात त्याला काय ऐकू जाणार! तितक्यात वारा फिरला. शेजारी बाया मिरची उलथत होत्या, तिची भुकटी थेट आमच्यावर आली. मला शिंका सुटल्या. मामाला ठसका लागला, डोळे मिटले आणि सवयीने त्याने खटक्यावरचं बोट उचललं.

चेन थांबली नाही.

कटरचं टोक पलीकडच्या डहाळीला लागलं आणि मशीन उसळून त्याच्या तोंडाकडे आलं. खट् झालं. गार्ड त्याच्या मनगटावर आपटलं होतं. चेन थांबली. इंजिन मात्र ट्यूबमुळे किंचाळतच होतं, जळका वास येत होता. मी धावत जाऊन स्विच बंद केला.

मामा खाली बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हनुवटीवर साधा ओरखडाही नव्हता. शेठ मिरची विसरून पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"आते?" मी म्हणालो. ट्यूबकडे बोट केलं.

मामाने ट्यूब सोडली आणि कानस मागितली. धार लागल्यावर ढलप्या पडू लागल्या. थोड्या थोड्या वेळाने थांबूनही फांदी उन्हं उतरायच्या आत निघाली. खिशातला गॉगल आता डोळ्यांवर होता.

परतताना मी जरा खूश होऊन म्हणालो, "मामा, गॉगल शोभस तुले."

"मिरचीना करता घालेल शे," तो म्हणाला. "तू सांगं म्हणीसन नही."

मी वाद घातला नाही. सेफ्टीच्या कामात लोकांनी आपलं ऐकावं हा हट्ट धरू नये. गॉगल डोळ्यांवर आहे ना, तेवढंच बघावं.