बांधावरून गेलेला भानुदास

फोन भानुदासच्या बायकोचा, कमलवहिनींचा होता. मी नगरला ऑफिसात नेहमीची फाइल उघडून बसलो होतो. भानुदास विहिरीवरची मोटर चालू करायला गेला आणि तिथंच बसला, पुन्हा उठलाच नाही... फोन ठेवल्यावर बराच वेळ मलाही खुर्चीतून उठवेना. आता तीन आठवडे झाले. अजून जिना चढताना मध्येच थांबतो, आणि ते नुसतं वयामुळं आहे असं वाटत नाही.

राहुरीकडच्या कॉलेजात आम्ही बरोबर पळायचो. खरा पळणारा तो. मी आपला दम टाकत त्याच्या मागं. शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या संघाची निवड शेतांमधून पळायच्या शर्यतीनं होती आणि पहिले सहाच घेणार होते. संघात आलं की प्रमाणपत्र, आणि त्यावर खेळाडूंच्या जागेवर नोकरी, हे आमच्या दोघांच्याही घरी पाठ होतं.

खेळाच्या सरांनी मार्ग आखला तेव्हा वाटेतलं एक रान मोकळं होतं. पुढं पाटाला पाणी सुटलं, रानाच्या मालकाची पाण्याची पाळी आली, आणि पाळी आल्यावर कुठला शेतकरी शर्यतीसाठी थांबतो? त्यानं कांदा लावला, शर्यतीच्या आदल्या दिवशी लागणीनंतरचं दुसरं, आंबवणीचं पाणीही देऊन टाकलं. सकाळी बघतो तर सरांच्या लाल झेंड्या त्या ओल्या वाफ्यांतून रांगेनं उभ्या. बदलायला वेळ नव्हता. शेवटचा किलोमीटर उरला होता. पुढचे पाच जण चिखलात घुसले. भानुदास सहावा, मी सातवा. वाफ्याच्या तोंडाशी तो थबकला, आणि वळून बांधावरून लांबचा वळसा घालत सुटला. मी सरळ आत. पोटरीपर्यंत काळी माती, एक बूट तिथंच राहिला. पायाखाली रोपं जातायत हे कळत होतं. मी सहावा आलो.

का वळलास, विचारलं तर म्हणाला, "पाय पडंना रं." एवढंच.

मला नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, नगरात घर झालं. तो गावी कांदाच करत राहिला आणि दरवर्षी न चुकता एक गोणी माझ्याकडं पाठवत राहिला. ते कांदे खाताना दरवर्षी ठरवायचो, यंदा विचारायचंच, तुझ्या मनात काही आहे का. भेटला की तो "गुडघं काय म्हनत्यात, सायेब?" असं चिडवायचा, मी हसायचो, विषय संपायचा. तीस वर्षं मी माझा भित्रेपणा भिडस्तपणा म्हणून खपवला.

मागच्या रविवारी गावी गेलो. चहा झाल्यावर न राहवून वहिनींपाशी शर्यतीचं काढलं. त्यांना सगळं माहीत होतं, कारण ते रान त्यांच्याच वडिलांचं. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी भानुदास तिथं गेला, उरलेली रोपं मागून घेतली आणि आम्ही तुडवलेल्या जागी दिवसभर वाकून, नवी रोपं लावत नांग्या भरल्या. सोयरीक पुढं त्यातूनच जुळली. ती कशी जुळली, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

"राग होता का त्याला माझा?"

"न्हाई भावजी. म्हनायचे, त्यो बी बांधावनं आला असता तर मागचं पुढं गेलं असतं आन् दोघंबी घरी बसलो असतो. एक तरी गेला." मग कपबशा उचलता उचलता म्हणाल्या, "पन त्या दिशी तुमी याल म्हून वाट बघितली हुती त्यांनी. रोपं बी तुमच्या वाटनीची बाजूला ठिवली हुती."

कपबशा ठेवून वहिनी रानाकडं निघाल्या, मी त्यांच्या मागोमाग.

रोपाच्या वाफ्याचा एक कोपरा भानुदास दरवर्षी नांग्यांसाठी न उपटता राखायचा. यंदाचाही तसाच होता, हिरवागार. लागण करून तो गेला, नांग्या तेवढ्या राहिल्या. वहिनींनी मूठभर रोपं उपटून माझ्या हातात दिली. बूट काढून बांधावर ठेवले आणि चिखलात वाकलो... दोन वाफ्यांत कंबरेचा काटा ढिला झाला. उरलेले वाफे वहिनींनी भरले, मला काही न म्हणता.