तासलेली कवळी

खालच्या हिरडीवर डाव्या बाजूला, कवळीच्या कडेशी, जिभेला काहीतरी खरखरीत लागलं, तेव्हा मी चौलच्या घरी मागच्या पडवीत वाल सोलत बसले होते. आधी वाटलं, वालाचं साल अडकलं असेल. चूळ भरली. साल नव्हतं. जीभ पुन्हा तिथे गेली, आणि मग जातच राहिली. तिला सांगून काही उपयोग नव्हता. वाल अर्धे सोललेले तसेच राहिले आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी थोरली जाऊ उभी राहिली.

तिचंही असंच सुरू झालं होतं. खालच्या हिरडीवर एक चट्टा, कडेने पांढरट. आयुष्यभर मशेरी लावली, त्यामुळे तोंडात काही झालं की मशेरीनेच दाबायचं, ही तिची रीत. पुढे मुंबईच्या मोठ्या इस्पितळातून ती परत आली तेव्हा जबड्याचा एक भाग तिथेच राहिला होता. मी तिला पातळ पेज भरवायची. एका बाजूने घातलेली पेज दुसऱ्या बाजूने गळायची, आणि ती माझ्याकडे बघत राहायची. ती नजर मला अजून विसरता येत नाही. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात त्यानंतर कुणी उच्चारला नाही. "वहिनीचा आजार" म्हणायचे सगळे.

मी मशेरीला कधी हात लावला नाही. मी शाळेत शिकवायची. पोरांना तंबाखूचे तोटे सांगणारी बाई घरी मशेरी घासत बसली असती तर बरं दिसलं नसतं. तरी दात गेलेच. हिरड्या सैल झाल्या आणि एकेक करत सगळे निघाले. मग कवळी आली, वरची आणि खालची. डॉक्टरांनी तेव्हा काय काय सांगितलं होतं, रात्री काढून ठेवा, वर्षातून एकदा दाखवायला या. मी कवळी तोंडात बसवून घरी आले ती आलेच. पुन्हा तिकडे फिरकले नाही. आणि रात्री काढायचं म्हणाल तर ते शक्यच नव्हतं. बोळकं घेऊन नवऱ्यासमोर झोपायचं? लोक म्हणतात या वयात कसली लाज. लाजेला कुठे वय कळतं? पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, मोरीचं दार लावून कवळी घासायची आणि ओलीच परत बसवायची, असं मी सात-आठ वर्षं केलं.

चट्ट्याचं मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की कवळी लागतेय. तेही यांना, कारण जेवताना माझा चेहरा वाकडा झालेला यांनी पाहिला.

हे सुतार. घरांचे नाही, होड्यांचे. रेवदंड्याच्या खाडीत यांच्या हातच्या होड्या अजून आहेत, आणि तेव्हाही एक नवी होडी यांच्या हातात होती. लागतेय म्हटल्यावर यांचे डोळे चमकले. दुखणं माझं आणि उत्साह यांचा.

"अगं, कुठंतरी उंचवटा हाय. तासला की झालं."

होडीच्या दोन फळ्या एकमेकींना नीट बसत नसतील तर हे एका फळीच्या कडेला गेरू लावतात, दुसरी तिच्यावर दाबतात आणि उचलून बघतात. जिथे रंग उमटला तिथे फळी जास्त आहे, तेवढीच तासायची. माझ्या तोंडात गेरू घालायला मी तयार नव्हते. तेव्हा हळद आली. तुपात कालवलेली हळद मी दुखत्या जागी बोटाने लावायची, वर कवळी दाबायची आणि काढून यांच्या हातात द्यायची. गुलाबी कवळीवर आतून पिवळा ठिपका उमटायचा. हे चष्मा कपाळावर चढवून तो ठिपका बघायचे, बारीक कानशीने घासायचे, मग पॉलिश पेपर, मग धुऊन माझ्या हातात.

"घाल आता. मख्खन."

आणि खरंच बरं वाटलं. दोन घास सुखाने गेले. मला तर हसूच आलं, की एवढंसं होतं आणि आपण मनाने पार जावेच्या दुखण्यापर्यंत जाऊन आलो.

पण ते सुख टिकलं नाही. कवळी आता बोलताना उठायला लागली. चावताना एका बाजूला दाब पडला की दुसरी बाजू वर यायची आणि खाली बसताना हिरडीला घासायची. चट्टा मोठा झाला. पुन्हा हळद, पुन्हा ठिपका, पुन्हा कानस. प्रत्येक वेळी यांचं तेच, "अजून जराशी हाय." मलाही ते हवंच होतं. ते तासतायत तोवर हे सुताराचं काम होतं. डॉक्टरकडे गेले की त्याचं दुसरं नाव निघणार, याची मला भीती होती.

शेजारची म्हातारी एक दिवस म्हणाली, "जराशी मशेरी दाब तिथं, बधिर होतं, मग काय कळत न्हाय." मी तिच्यावर इतकी ओरडले की बिचारी चहा अर्धा टाकून गेली. तिला काय माहीत मी कशाला घाबरलेय. पोपटीच्या दिवसांत सगळे अंगणात मडक्याभोवती बसून त्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा सोलून खात होते आणि मी उपास असल्याचं सांगून घरात आले. कसला उपास? आरशासमोर गेले, ओठ खाली ओढला. मधोमध लाल, कडेने पांढरट. जावेचा चट्टा मी इतक्या जवळून पाहिला होता की मला विसरायची सोय नव्हती. मी ओठ सोडला आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिले. बाहेर कुणीतरी हसत होतं. मला त्यांचा सगळ्यांचा राग आला.

आता मी प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावू लागले. कान दुखला, म्हणजे पसरलं. गळ्याखाली बोटाला काहीतरी लागलं, म्हणजे गाठ. कपाटातल्या साड्या आवरताना मनात यायचं, ही कुणाला द्यायची. मुलीचा फोन आला की मी गावभरच्या गोष्टी सांगायची आणि रडू फुटायच्या आत फोन ठेवून टाकायची.

मग एकदा मी हळद लावून कवळी दाबली, काढली आणि यांच्या हातात दिली. पिवळ्या ठिपक्यात रक्त होतं. यांनी कवळी उजेडाकडे धरली, मग माझ्याकडे पाहिलं.

"तोंड उघड."

मी मान हलवली.

"उघड म्हनतो ना."

मी उघडलं. यांनी वाकून पाहिलं. कानस फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. आपली वहिनी यांनाही आठवली असणार, ते मला त्या पेटीच्या झाकणावरूनच कळलं, इतकं हळू त्यांनी ते लावलं.

"उद्या अलिबागला."

"मी नाही येणार," मी म्हणाले. "काय व्हायचं ते घरी होऊ दे." मी भांडले, रडले, कवळीशिवायच वाट्टेल ते बोलले. हे पायरीवर बसून ऐकत राहिले. सकाळी माझी चप्पल दाराशी सरळ करून ठेवलेली होती.

अलिबागच्या दातांच्या डॉक्टर बाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी कवळी हातात घेतली आणि उलटसुलट करून बघतच राहिल्या.

"ही कुणी घासली?"

हे पुढे झाले. "मी."

"काका, हिरडी आणि तिच्याखालचं हाड दर वर्षी थोडं थोडं झिजतं. कवळी आहे तेवढीच राहते, म्हणून ती ढिली होते आणि हलून हलून लागते. हिला आतून भर घालायची गरज होती. तुम्ही काढत गेलात."

यांचा चेहरा उतरला. जन्मभर पाण्यात फुगणारं लाकूड हाताळलेला माणूस. ओल्या जागी घट्ट झालं की तासायचं, एवढंच यांना ठाऊक. तोंडात कवळीखालचं हाडच आटतं, हे यांच्या हिशेबातच नव्हतं.

मग बाईंनी माझं तोंड पाहिलं. वरच्या टाळूला कवळीच्या आकाराची लाली होती. "आजी, रात्री काढत नाही ना?" शेवटी मी विचारायचं होतं ते विचारलं. "तो... तसला आजार आहे का?"

त्यांनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांना आजही मानते. त्या म्हणाल्या, "घासून झालेली जखम वाटते. पण बघून खात्री देता येत नाही. दोन आठवडे कवळी अजिबात घालायची नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा, मऊ जेवण, हे मलम. घासून झालेली असेल तर भरून येईल. नाही आली, तर तुकडा काढून तपासायला पाठवू."

तुकडा. येताना एसटीत तो एकच शब्द माझ्यासोबत होता.

ते दोन आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. गुरगुट्या भात, वरण, मऊ केळं. पदर तोंडावर. दारात कुणी आलं की मी आत. पण भीती इतकी मोठी होती की लाज हळूहळू मागे पडली. हे समोर बसलेले असताना मी बोळक्याने जेवायला लागले. हे कधी टक लावून बघायचे नाहीत. मिठाचं पाणी तेच कोमट करून आणायचे, हातात द्यायचे आणि बाहेर जायचे. बोलणं जवळजवळ बंद. मला राग यायचा. मी इथे मरणाच्या दारात आणि हा माणूस दगडासारखा बसून आहे. आरशात बघायचं मी सोडून दिलं होतं. दुखणं कमी झालंय असं वाटायचं, पण जावेलाही मधे तसं वाटलं होतं.

दुसऱ्या खेपेला हे आत आले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसले. बाईंनी दिवा लावला, बोटाने हिरडी दाबली, आजूबाजूला चाचपली, गळ्याखाली पाहिलं.

"बंद झाली जखम. तुकडा काढायची गरज नाही."

मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. मग त्या कवळीत भर घालण्याचं बोलल्या, रात्री पाण्याच्या वाटीत ठेवा म्हणाल्या, मऊ ब्रशने घासा, हिरड्याही रोज पुसा, उकळतं पाणी नको, लागली तर घरी काही करू नका, दर वर्षी या. मी मान डोलवत होते. काही ऐकू येत नव्हतं.

बाहेर आले आणि मला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं एकदम. हे उठून उभे राहिले. मला बोलायचं होतं, पण हुंदक्याशिवाय काही निघेना.

"बरं," हे म्हणाले. "बरं. रडू नको. मुंबईला जाऊ. होडीचं काम मी सोडलंय, दुसरा सुतार करंल. लागतील तितकं दिस ऱ्हाऊ तिथं. मी हाय ना."

होडीचं काम सोडल्याचं मला माहीतच नव्हतं. मी जोरजोराने मान हलवली, पदर बाजूला केला आणि सगळ्या लोकांसमोर बोळकं उघडून आत बोट दाखवलं. "बंद झालाय. काही नाही. काही नाही झालेलं."

हे वाकून माझ्या तोंडात बघत राहिले. मग सरळ झाले आणि ओरडले. लग्न झाल्यापासून यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

"मंग रडतेस कशाला! जीव घेतेस का मानसाचा?"

सगळे वळून बघायला लागले. हे धपकन बाकावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. मी शेजारी बसले. आमच्या गाडीची वेळ झाली, गाडी गेलीसुद्धा. यांना उठताच येईना.