तिथीवाले, शनिवारवाले आणि एक राजा

त्या ऑगस्टमध्ये माझा पाय घरात ठरत नव्हता. ओटा पुसून झाला की पुन्हा पुसायचे, चहा टाकायचे आणि प्यायला विसरायचे. मुलीला पोहायच्या प्रॅक्टिसला सोडायला निघाले की जरा बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ निदान गाडी तरी पुढे जात होती.

मुलगी शाळेत युरोपातल्या धर्मयुद्धांचा इतिहास शिकत होती. दुसऱ्याला समजावून सांगितलं की तिचं पाठ होतं, म्हणून गाडीत ती शिक्षिका आणि मी विद्यार्थिनी.

"आई, थर्टी इयर्स फाइट केलं त्यांनी. आणि दोन्ही साइड्सचा देव सेमच!"

"सेमच असतो. म्हणून तर एवढं पेटतं," मी म्हणाले आणि सिग्नलला फोन उचलला. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

फोनमध्ये आमचं युद्ध चालू होतं. अमेरिकेत गणपती शनिवारी बसतो. हॉल शनिवारी मिळतो, सुट्टी शनिवारी असते, म्हणून देवही शनिवारी येतो. त्या वर्षीची चतुर्थी आठवड्याच्या मधोमध आली होती आणि मंडळातल्या काही घरांनी ठरवलं की बास झालं, देव त्याच्या दिवशीच बसेल, मग हॉल मिळो न मिळो. "बाप्पाला वीकेंड असतो का?" असा एकानं मेसेज टाकला. त्यावर दुसऱ्यानं लिहिलं, "बाप्पाला नसेल, माझ्या मॅनेजरला असतो." इथवर सगळे हसत होते. मग कोणीतरी कोणाला तरी बाटगा म्हणालं, आणि हसणं संपलं.

माझा नवरा कमिटीत होता, म्हणून आम्ही शनिवारवाले. मला कोणी विचारलं नव्हतं. मुलीनं एकदा मला शिकवलं होतं की जर्मनीत जो राजाचा धर्म तोच प्रजेचा असं ठरलं, आणि प्रजेला पटत नसेल तर तिनं सामान बांधावं. "म्हणजे माझंच," मी म्हणाले. तिला वाटलं मी गंमत करतेय.

माझी मैत्रीण तिथीवाली होती. तीन घरं सोडून राहते. आम्ही दोघी इथे आलो तेव्हा दोघींनाही काम करायची परवानगी नव्हती. दोन नवरे ऑफिसात आणि आम्ही दोघी एका रिकाम्या अपार्टमेंटच्या कार्पेटवर बसून पोहे खायचो. गाडी शिकलो ती एकत्र. माझी मुलगी झाली तेव्हा आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा बाळंतपण हिनं केलं, डिंकाच्या लाडवांपासून बाळाच्या तेलपाण्यापर्यंत. माझी मुलगी तिला मावशी म्हणते ते उगाच नाही. आणि आता ती कचऱ्याचा डबा रस्त्याला लावायला बाहेर आली की मी खिडकीतून मागे सरत होते. काय बोलायचं? बोललं की विषय तोच निघणार, आणि निघाला की आमचे आवाज चढणार. एकदा चढलेच होते. मी म्हणाले, "तुला यार देवापेक्षा कॅलेंडर मोठं झालंय." ती म्हणाली, "आणि तुला नवरा." त्यानंतर तीन आठवडे आम्ही एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही. मला दुसरं काहीही नको होतं. तिथी असो, शनिवार असो, अमावस्या असो, मला ती परत हवी होती.

मग मंडळातले एक काका पुढे आले. निवृत्त गृहस्थ, आवाज मऊ, दोन्ही बाजूंच्या घरी जेवायला जाणारे. लायब्ररीच्या खोलीत मीटिंग घेतली. तिथीवाले मागे बसले, आम्ही पुढे. काका म्हणाले, "मला काही नको. फक्त यंदापुरतं सगळं माझ्यावर सोपवा. कमिटी नको, व्होटिंग नको. सगळ्यांच्या भावना सांभाळीन, हा माझा शब्द."

मुलगी शेजारी पुस्तक उघडून बसली होती. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, दिस इज लिटरली माय नेक्स्ट चॅप्टर."

"गप्प बस."

"नो, सीरियसली. लोक फाइट करून टायर्ड झाले, मग किंगला म्हणाले, टेक एव्हरीथिंग."

"मग लोकांना काय मिळालं?"

"पीस," ती म्हणाली. "फॉर अ व्हाइल."

'ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा,' असं काका म्हणाले आणि माझा हात वर गेला. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. हात बरेच असावेत, कारण काकांनी मोजलेच नाहीत, नुसते हसले.

दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, हे आपण लहानपणापासून घोकतो, पण ऐन वेळी तो तिसरा किती प्रेमळ दिसतो! पुढच्या आठवड्यात ग्रुपवर काकांचा निर्णय आला. गणपती शनिवारी. आरती एकच, हॉलमध्येच. जे घर चतुर्थीला वेगळा सार्वजनिक गणपती बसवेल ते मंडळात नाही, आणि जे तिथे आरतीला जातील तेही नाहीत. त्यावर कोणी काही लिहिणार, एवढ्यात सेटिंग बदललं. आता ग्रुपवर फक्त काकाच लिहू शकत होते.

शब्द देऊन महिनाही झाला नव्हता. मुलीच्या पुस्तकात फ्रान्सच्या एका राजानं दुसऱ्या पंथाला सांभाळायचा शब्द दिला होता, तो निदान त्याच्या नातवानं मोडला होता. त्याच नातवाच्या महालात म्हणे मोठमोठे सरदार राजा कपडे करताना त्याचा सदरा हातात धरायला मिळावा म्हणून ताटकळायचे. आमच्याकडे चांगले शिकलेसवरलेले इंजिनिअर आरतीचं ताट आपल्याला मिळावं म्हणून काकांच्या ड्राइव्हवेत चकरा मारू लागले. माझा नवरा त्यांत होता. मी त्याला चिडवलं तर म्हणाला, "अगं, शांतता तर आहे ना आता?"

शांतता होती. फोन वाजत नव्हता, आणि तो वाजत नाही म्हणून मी दर दोन मिनिटांनी तो उचलून बघत होते. भांडण चालू असताना निदान तिचे मेसेज तरी वाचायला मिळायचे, तिरसट का होईनात. आता तिथीवाल्यांनी चतुर्थीला तिच्या घरी गणपती बसवायचं ठरवलं होतं, आणि तिचं नावच ग्रुपमधून गेलं होतं.

चतुर्थीला संध्याकाळी तिच्या घरासमोर गाड्या लागल्या. मी स्वयंपाकघरातून दारापर्यंत, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या घालत होते. नवरा म्हणाला, "जाऊ नकोस. कोणाची गाडी कुठे उभी आहे, हे काकांना बरोबर कळतं."

"मी चालत जाते," मी म्हणाले.

बेल वाजवली, दार तिनंच उघडलं. साडी नेसली होती, कपाळावर घाम होता. मागे हॉलमध्ये लोक उभे होते, बोलणं एकदम थांबलं. तिनं दार मागे ओढून अर्धं केलं.

"आत नाही घेऊ शकत गं तुला," ती हळूच म्हणाली. "आमचंही ठरलंय. शनिवारवाल्यांना आत घ्यायचं नाही. काढून टाकलंय आम्हाला, लोक चिडलेत."

मला इतका राग आला की रडूच आलं. "त्या दिवशी त्या काकांसाठी हात कोणी वर केले? तुमच्यातल्यांनीसुद्धा केले असणार!"

"मी केला होता," ती म्हणाली.

ही? चार महिने जिनं तिथीसाठी रान उठवलं ती?

"कंटाळले होते गं. म्हटलं, कोणीतरी एकदाचं काय ते ठरवून टाकू दे. शनिवार तर शनिवार. म्हणजे तू बोलायला तरी लागशील."

मी तिला सांगितलं की मीही त्याचसाठी केला होता. तिनं तोंडावर हात ठेवला. आम्ही दोघींनी मिळून त्या माणसाला राजा केलं होतं, एकमेकींसाठी.

आतून कोणीतरी ओरडलं, "वहिनी, चला, आरती सुरू करतोय!" ती आत वळली, मला वाटलं, चालली. तिनं फक्त दार ओढून घेतलं आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. आत टाळ्या सुरू झाल्या. जिच्या वेळेसाठी ती चार महिने सगळ्या गावाशी भांडली होती ती आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत झाली, आणि ती माझ्या शेजारून उठली नाही.