चकचकीत काच

घनश्यामने जन्मभर भंडारा शहरातल्या आपल्या दुकानात पितळेची भांडी घासून चमकवली. डाग दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. स्टील आलं, गिऱ्हाईक आटलं, दुकान बंद झालं, पण हात काही थांबेनात. दिवसभर हा माणूस घरात येरझारा घाली, नाहीतर धड असलेली कडी काढून पुन्हा बसवी.

म्हणून सून रिताने काचेच्या पेटीत रंगीत मासे आणले. "मामाजी, इथं निवांत बसा न मासे पाहा," ती म्हणाली. घराला नाद लागला. नातवंडं दाणे टाकायला भांडू लागली, मुलगा वीरेंद्र चहा तिथंच घेऊ लागला.

घनश्यामही बसला, आणि त्याला काचेवरचा हिरवट थर दिसला. त्याचं डोकंच सटकलं. "काय घाण करून ठेवली!"

घर रिकामं होताच त्याने मासे बादलीत काढले, सगळं पाणी फेकलं, चिंच आणि राख लावून पेटी आतून-बाहेरून घासली, नळाचं ताजं पाणी भरलं आणि मासे परत सोडले. काच अशी चमकली की बस! संध्याकाळी मासे उलटे तरंगत होते.

रिता रागावली नाही. नवे मासे घेऊन आली. "दुकानवाला म्हणते, जुन्या पाण्यातच जगतात हे. थोडी घाण राहू द्या, मामाजी."

आता काचेवर पुन्हा शेवाळ चढतंय. घनश्याम समोर बसतो, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"मामाजी, हात असे काहून दाबून बसले?"

त्याची नजर काचेवरून हलली नाही.

"सोडले त मासे मरतील, माय."